गुंजभर खाली

बसा मास्तर. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आमच्या जुन्या मालकासारखा आहे, कधी रुसेल नेम नाही. या खोक्यावर टेका. तुमची पट्टी घासून झालीय, पण अजून गरम आहे, आणि गरम पट्टी खोटं बोलते. घासताना धातू तापतो, तापला की सूर खाली उतरतो. तेवढ्यावर विसंबून जो उठला तो फसला. गार झाल्यावरच ती आपली खरी जागा दाखवते. तर अर्धा तास तिला हात लावायचा नाही. तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. मधेमधे हसवीन, खोड आहे माझी, पण गोष्ट लाजेची आहे. माझ्याच लाजेची. आजवर फक्त बायकोला सांगितली, तीही गेल्या रविवारी.

याला कारण तुम्हीच. मागच्या आठवड्यात हा बाजा टाकायला आलात आणि बोलता बोलता म्हणालात, आमच्या शाळेसमोर सायकलचं दुकान आहे, तिथला एक कारागीर वाकडी चाकं सरळ करण्यात पटाईत आहे, पण गंमत बघा, बाकीचे सगळे चाकाच्या तारा टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखतात, हा पठ्ठ्या कधी टिचकी मारत नाही, एकेक तार मापाने मोजत बसतो. तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. आणि तो टिचकी का मारत नाही, हे तेव्हा जगात मला एकट्याला ठाऊक होतं. त्यालासुद्धा नाही.

आम्ही त्याला गुंज्या म्हणायचो. सोनाराकडे ती लाल बी असते ना वजनाला, गुंज, तिच्यावरून. कारण हा कुठलीही पट्टी ऐकली की म्हणायचा, "गुंजभर वर आहे," नाहीतर "गुंजभर खाली आहे." आम्हाला सगळं एकसारखंच ऐकू यायचं. मग कानस घेऊन दोन हात मारावेत, तर खरंच पट्टी जागेवर बसायची. तसले कान होते. बायको सांगते, लहानपणी हा बाहेर खेळत असायचा आणि तिथूनच ओरडायचा, "आई, दूध वर येतंय!" झाकणाच्या आवाजावरून. घरात असून हिच्या हातून दूध उतू जायचं आणि अंगणातला हा वाचवायचा.

त्याला या कारखान्यात मीच आणला. कारखाना म्हणजे काय, हीच खोली, तेव्हा भिंतीला रंग होता इतकाच फरक. शाळांना, बँडवाल्यांना धातूच्या पट्ट्यांचे बाजे करून द्यायचे. लोक त्याला झायलोफोन म्हणतात. म्हणू देत. तो लाकडाचा, हा धातूचा, पण आपल्याला बिल फाडायचंय, भांडण नाही. काम साधं दिसतं. पट्टी कापायची, दोन ठिकाणी भोकं पाडायची, दोरीवर ओवायची. भोक जरा चुकलं की पट्टी गाणार नाही, म्हाताऱ्यासारखी खोकेल. मग सूर लावायचा. पोटाखाली मधोमध घासलं की सूर खाली, टोकं घासली की सूर वर. झालं. एवढ्यात सगळी विद्या आली, बाकीचं आयुष्य हात बसायला लागतं.

आणि सूर लावायचा कशावरून? तर आईवरून.

आई म्हणजे एक पट्टी. मालकांच्या वडिलांनी कुठून तरी आणलेली, मधल्या सुराची, काळीसावळी, वीतभर लांब. तिथे खिळा दिसतोय ना, तिथे लाल दोऱ्याने टांगलेली असायची. सकाळी आल्यावर आधी तिला वाजवायचं, मग कामाला हात. तिच्यावरून मधला सूर, मधल्यावरून बाकीचे पायरीपायरीने. तिच्यावर खूण कोरायची नाही, अक्षर उमटवायचं नाही, कानस तर तिच्या वाऱ्यालाही न्यायची नाही. ओळख काय, तर तो लाल दोरा आणि तिचा काळा रंग. मालक म्हणायचे, "आई चुकत नाही, लेकरं चुकतात." कुणाचाही सूर हलला की हेच वाक्य. त्यांच्या स्वतःच्या लेकीला गणितात कमी मार्क पडले तेव्हासुद्धा हेच म्हणाले होते म्हणे.

आता ऐका माझा पराक्रम.

थंडीचे दिवस. एका शाळेला मधल्या सुराच्या बारा सुट्या पट्ट्या हव्या होत्या. त्या मी या टेबलावर मांडल्या. आईला खाली काढलं, तिचा दोरा झिजला होता, म्हटलं नवा ओवू. जुना ओढून काढला, नवा मेणात बुडवून वाळत ठेवला. तेवढ्यात पॅकिंगच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे हसायला एक नंबर गिऱ्हाईक. मी त्यांना माझे सासरे नवीन बूट घालून बर्फाच्या कारखान्यात कसे घसरले ती गोष्ट सुरू केली. मास्तर, माझं एक आहे, तोंड चालू झालं की हात आपोआप चालतात. सासरे घसरतायत, मावशी पोट धरून हसतायत, मी एक पट्टी उचलतोय, पोटाखाली तीन हात मारतोय, ठेवतोय, दुसरी उचलतोय. सासरे बर्फाच्या लादीवर बसून दारातून बाहेर निघाले त्या क्षणी माझी नजर हाताखाली गेली. काळ्या पोटावर चांदीसारखी लख्ख रेघ. नवी पट्टी आतबाहेर सारखीच चमकते. काळी एकच होती.

मावशी म्हणाल्या, "मग? पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. उठले आणि घरी गेले."

"हात्तिच्या! एवढं रंगवलं आणि शेवट असा?"

त्या दिवसापासून मी बोलताना हातात कानस धरत नाही. बघा, ती तिकडे पडलीय.

तेव्हा मालकांकडे जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. फार तर दाराबाहेर काढलं असतं, आणि दुपारी चहाच्या वेळेला परत हाक मारली असती. तसा माणूस होता तो. पण माझी पंधरा वर्षांची इभ्रत होती ना! नव्या माणसांना मीच दम द्यायचो, आईला हात लावाल तर याद राखा. आणि तिच्या पोटात मीच सुरा घातला. मी काय केलं माहितीये? दिव्याची काजळी घेतली, तेलात कालवली, आणि ती रेघ काळी केली. बोटाने. हळूच, जखमेला मलम लावावं तशी. नवा दोरा ओवला आणि टांगली खिळ्यावर. म्हटलं उद्या सांगू.

टोकं घासून परत वर का आणली नाही, असं विचाराल. आणता आली असती. पण कुठवर? जिच्यावरून सगळं मोजायचं तीच हलली. माझ्या कानाला कळेना किती खाली गेली. ते फक्त एका माणसाला कळलं असतं, गुंज्याला. त्याला नुसतं म्हणायचं, बाबा रे, असं झालंय, कान दे. त्याने अर्ध्या तासात आईला उठवून बसवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं. तेवढंच माझ्या तोंडून निघेना. मेहुण्यापुढे मान खाली घालायची? मी त्याचा भाऊजी!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईवर वाजवायची दांडी मारली. थांबला. परत मारली.

"भाऊजी, आज आई खाली वाटतेय."

मी म्हटलं, "थंडी आहे. कान दडपले असतील तुझे."

"थंडीत पट्टी वर जाते. ही खाली आहे. गुंजभर."

"मग गरम असेल."

"रात्रभर खिळ्यावर टांगलेली गरम कशी असेल?"

मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "फार शहाणा झालास. आईचं चुकतं आणि तुझं बरोबर?" आणि बाकीची माणसं हसली. मास्तर, माणसं हसवणं मला चांगलं येतं. तेवढंच येतं.

आठ दिवस तो रोज सकाळी आईला वाजवायचा, ऐकायचा, मान हलवायचा. दुपारी जेवताना डबा तसाच पुढ्यात ठेवून कानात बोट घालून बसायचा. मग एक मोठं काम आलं. एका सभागृहाचा मोठा बाजा, दोन रांगांचा. वरची रांग मला, खालची त्याला. मी आईवरून लावली. तो म्हणाला, "मला जे ऐकू येतं तेच मी लावणार. खोटं लावायला हात चालत नाही." आणि त्याने डोक्यातला जुना सूर धरून लावली. गेला माल. चार दिवसांत परत आला. वाजवणाऱ्याने चिठ्ठी लिहिली होती, तुमच्या दोन रांगा जावाजावांसारख्या भांडतायत, आधी घरातलं मिटवा आणि मग पाठवा.

मालकांनी सगळ्यांना इथे उभं केलं. गुंज्याला म्हणाले, "भिंतीकडे तोंड कर." तो वळला. मालकांनी एका हातात आई धरली, दुसऱ्यात त्याने लावलेली तसलीच मधल्या सुराची पट्टी. एक वाजवली, मग दुसरी.

"कुठली चुकली?"

"पहिली," तो भिंतीकडे बघूनच म्हणाला. "पहिली गुंजभर खाली आहे."

"पहिली आई आहे," मालक म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. गुंज्या वळला. त्याचे कान लाल झाले होते. "मालक, आईच खाली आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

मालकांचा आवाज बसला. ते ओरडले असते तर परवडलं असतं. हळू म्हणाले, "माझ्या बापाने लावलेली आई खाली आहे?" आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. तू जुना माणूस. आई बरोबर की हा बरोबर?"

दोनच शब्द होते, मास्तर. 'मालक, मी.' एवढेच. माझ्या जिभेवर आले होते, शप्पथ सांगतो. मी गुंज्याकडे बघितलं. तो माझ्याकडे आशेने बघत होता. बहिणीचा नवरा, ज्याने हात धरून इथे आणलं, तो तरी आपल्या बाजूने बोलेल.

मी म्हटलं, "आई बरोबर आहे. याला मी केव्हाचं सांगतोय, कान दाखवून घे."

तो चिडला असता, माझी गचांडी धरली असती, तर बरं झालं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. आधी गोंधळ दिसला आणि मग, काय सांगू, विश्वास बसला. माझ्यावर. "भाऊजी म्हणतायत म्हणजे तसंच असेल," म्हणाला, आणि आपली दांडी टेबलावर ठेवली. हळूच ठेवली. टेबलाचाही आवाज होऊ नये अशी.

कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तर याने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला! महिन्याभराने काम सोडून गेला. त्याची खालची रांग मोडीत टाकायला मालकांनी मलाच सांगितलं. मी एक पट्टी तेवढी मागे ठेवली, तीच मधल्या सुराची. त्याच्या पट्ट्यांच्या पोटाखाली एका कोपऱ्यात सुईने टोचल्यासारखं टिंब असायचं, ती त्याची सही. आणि त्याची ही खुर्ची मला मिळाली. गादी चांगली आहे हिची. सतरा वर्षं बसतोय, एक दिवस टेकून बसलो नाही.

सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या गावाला गेलो होतो. आज सांगायचंच म्हणून. दुकानासमोर रस्त्यापलीकडे कितीतरी वेळ उभा. तो चाक फिरवत होता, माप लावत होता. शेजारचा कारागीर टिंग टिंग करून तारा वाजवत होता, आणि टिंग झालं की याची मान जराशी हलायची. बघा म्हणजे! कान ऐकत होते, हा ऐकत नव्हता. त्याने मला बघितलं आणि हातातलं चाक टाकून धावत आला. "भाऊजी! ताई कशी आहे? या ना, असे परक्यासारखे काय उभे!" चहा मागवला, आपल्या रुमालाने स्टूल पुसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "भाऊजी, एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही वेळेवर बोललात म्हणून बरं झालं. नाहीतर माझ्या हातून किती वाईट माल गेला असता. मला तर कळलंच नसतं माझा कान गेलाय ते."

माझे आभार मानले, मास्तर. माझे!

मी चहा प्यायलो. साखर जास्त आहे म्हणालो. आणि घरी आलो.

पुढे मालक गेले, त्यांच्या लेकीने कारभार हातात घेतला. तिने मोबाइलवर ते सूर दाखवणारं यंत्र आणलं. एक दिवस आईसमोर धरलं, आणि म्हणाली, "काका, ही तर खाली दाखवतेय." मी म्हटलं, "जुनी झाली ग. धातूपण थकतो." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं. तिने आईला खिळ्यावरून काढून कपाटात ठेवलं, आणि तेव्हापासून सगळं यंत्रावर. ती घरी गेल्यावर मी कपाटाआडून गुंज्याची पट्टी काढली आणि तिच्यापुढे यंत्र धरलं. मधोमध. तसूभरही इकडे नाही की तिकडे नाही.

मग तुम्ही आलात, टिचकीचं बोललात, आणि रविवारी जेवण झाल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. आधी मालकाच्या लेकीला फोन करून आई घरी नेली होती, ती ताटाशेजारी ठेवली. मला वाटलं बायको रडेल, भांडेल, ताट आपटेल. तिने ती पट्टी उचलली, मोरीत नेली, आणि भांडी घासायच्या घासणीने पोटाखाली घासायला लागली. खसाखसा. सतरा वर्षांची काजळी ती, सहज निघते थोडीच. माझी ती रेघ लख्ख उघडी पडेपर्यंत घासली, पदराला पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, "बोल ना काहीतरी."

म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझे कान शाबूत आहेत. ज्याचे काढून घेतलेत त्याला सांगा." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मीठ हवं असलं तरी मी स्वतः उठून घेतो.

हं, तुमची पट्टी गार झाली. हात लावून बघा. वाजवा. आता कशी बोलते? बरोबर, आता खरं बोलते.

आता या फडक्यात काय आहे ते बघा. दोन पट्ट्या आहेत. ही काळी, लाल दोऱ्याची, आई. ही टिंबाची, गुंज्याची. मी स्वतः का जात नाही म्हणाल. भितो, हे तर आहेच, लपवत नाही. पण दुसरंही आहे. मी जाऊन सांगितलं की तुझा कान बरोबर होता, तर तो परत माझ्याच शब्दावर विश्वास ठेवेल. एकदा माझ्या शब्दावर कान हरवून बसला, आता माझ्या शब्दावर परत घ्यायचा? नाही. त्याने स्वतः ऐकायला हवं.

तर मास्तर, एवढं करा. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा जा. कुणी पाठवलं ते आधी सांगू नका. त्याला पाठ फिरवायला लावा, आणि दोन्ही दोऱ्याला धरून एकेकदा वाजवा, आई आधी. विचारा, कुठली चुकली? तो म्हणेल, मला नाही कळत, माझा कान गेलाय. निघून येऊ नका. परत वाजवा. तिसऱ्यांदा वाजवा. त्याची मान हलेल, बघा तुम्ही. आणि ज्या क्षणी तो म्हणेल 'पहिली, गुंजभर खाली,' त्या क्षणी आईला उलटी करून ती रेघ त्याच्या हातात द्या, आणि सांगा, ही भाऊजींच्या कानशीची आहे, तू पहिल्यांदा आई खाली म्हणालास त्याच्या आदल्या दिवसाची. माझ्या वतीने माफीबिफी मागू नका, ती मी मागेन, त्याने दारात उभं केलं तर.

फक्त तो काय बोलला ते मला येऊन जसंच्या तसं सांगा. शिवी असली तर शिवीसकट, एक अक्षर खाली-वर न करता.